येळवसला पुढं कोण चालायचं

साल दोन हजार पंचवीस, माझं वय शहात्तर, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या रानात मी पुढं चाललो. माझ्या मागं कुणी नव्हतं. इसनाथा, हे तुला कळवायलाच पाहिजे. ह्याच एका गोष्टीवरून शेवटी आपलं भांडण लागलं आणि ते मिटायच्या आत तू निघून गेलास. दुसरं कुणी असं अर्धवट टाकून गेलं असतं तर मी त्याला पळपुटा म्हणलो असतो. तुला अजून म्हणलेलो नाही. तोंडावर म्हणता आलं नाही ते माघारी म्हणणारा माणूस मी नव्हे. आणि तुझ्या तोंडावर म्हणायचं राहिलं असं फार थोडं आहे.

तुझा सुभाष गुलबर्ग्याहून आला आणि म्हणाला, काका, बाबांच्या आठवणींचं एक लहान पुस्तक घरच्यांसाठी काढतोय, तुम्ही दोन पानं लिहून द्या. मी म्हणलो, बाबा, माझी शाळा चौथीत सुटली. तो म्हणाला, असू द्या, मी नीट करून घेतो. तिथं माझं डोकं फिरलं. प्राध्यापक झाला म्हणून काय झालं. मी म्हणलो, लिहीन, पण त्यातला एक शब्द हलवायचा नाही. तुझा जन्म कुठला, तू सोसायटीचा चेअरमन कधी होतास, ते सगळं त्यानं स्वतः लिहिलंय. चेअरमन होऊन तू निम्मे दिवस रुसून घरी बसला होतास, हे त्यानं लिहिलेलं नाही. ते मी लिहितो. बाकीच्या त्या मानपानात मला पडायचं नाही.

आता पुस्तक वाचणाऱ्यांत तुझी पुण्याची आणि हैदराबादची नातवंडं असतील. त्यांना येळवस म्हणजे काय हे कुणी सांगितलं नसंल, म्हणून सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमची येळवस. तेव्हा ज्वारी पोटरीत येते. कणीस बाहेर पडायच्या आधी पानाच्या गुंडाळीत फुगून बसतं, त्याला पोटरी म्हणतात. रान गर्भार आहे, असं आमच्याकडं मानतात. म्हणून गर्भारशीला जेवू घालावं तसं सगळं गाव त्या दिवशी रानात जाऊन रानाला जेवू घालतं. कडब्याच्या पेंढ्यांची झोपडीसारखी कोप उभी करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडतात. सगळ्या डाळी आणि भाज्या एकत्र शिजवून भज्जी करतात, बाजरीच्या पिठाचे गोळे उकडून उंडे करतात, ताकात ज्वारीचं पीठ आंबवून आंबील करतात. पूजा झाली की एक माणूस आंबिलीत भज्जी-उंडे कुस्करून ते भांडं काखेत घेतो आणि पिकावर शिंपत पुढं चालतो, 'ओलगे ओलगे' असं ओरडत. त्याच्या मागं दुसरा माणूस तांब्या घेऊन चालतो. शिंपलं तिथं पाणी सोडतो आणि 'सालम पोलगे' म्हणून उत्तर देतो. ह्या शब्दांचा अर्थ गावात कुणालाच माहीत नाही. तू म्हणायचास, जवारीला कळतंय तेवढं बास.

पुढचा माणूस तू. मागचा माणूस मी. ज्वारी तुझी, दगड तुझे, देव तुझा, माझा फक्त तांब्या. तांब्यासुद्धा तुझाच होता.

हे कसं सुरू झालं ते तुझ्या पोरांना ठाऊक नाही. तुझा थोरला भाऊ नोकरीला हैदराबादला गेला आणि तुझ्या मागं चालायला माणूस उरला नाही. आपलं रान बांधाला बांध. मी हरभऱ्यात खुरपत होतो आणि तू बांधावर येऊन उभा राहिलास. सरळ विचारायचं सोडून आधी माझ्या हरभऱ्याला नावं ठेवलीस, मग माझ्या बैलाला, आणि मग म्हणालास, लिंबाजी, उद्या येतूस का मागं?

मी म्हणलो, आम्ही बुद्धाची माणसं. बापानं दीक्षा घेतली तेव्हा मी त्याच्या खांद्यावर बसलेलो होतो. दगडापुढं हात जोडायचे नाहीत, असं बापानं मला बजावून ठेवलंय.

'हात कशाला जोडतूस?' तू म्हणालास. 'हातात तांब्या ऱ्हाईल की.'

मग मी अट घातली. माझ्या बापाला तुमच्या येळवसला लांब चिंचेखाली बसवून वरून वाढायचे. मी तिथं बसायचो नाही. बसलो तर तुमच्या पंगतीत बसेन, आणि वाढायचं ते तुझ्या आईनं. मला वाटलं, आता हा मुकाट परत जातो. तू डोकं खाजवलंस, जरा विचार केलास आणि म्हणालास, 'बस. पर मोठा उंडा माझा.'

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या पंगतीत बसलो. तुझी आई मनानं बरी बाई होती, पण तिच्या हाताला सवय नव्हती. माझ्या ताटापाशी आली आणि पळी उंच धरून उभी राहिली. पळी खाली येईना. सगळी पंगत त्या पळीकडं बघायली. तेव्हा तू आपलं ताट उचललंस, माझ्या ताटाला चिकटवून ठेवलंस आणि म्हणालास, आई, दोघांचं एकातच वाढ, आमी वाटून घेताव. म्हातारीला त्या घोटाळ्यापेक्षा पळी खाली आणणं सोपं वाटलं. पुढच्या वर्षीपासून ती मलाच आधी वाढायची, का तर तुझ्या ताटात गेलेलं परत निघत नाही म्हणून.

ह्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. तूही कधी काढलं नाहीस. आता बोलायला बसलोय तर मला शब्द सापडेना, म्हणून उंड्याचंच सांगतो. मोठा उंडा तू खरोखर घेतलास.

आंबील वैनी, म्हणजे तुझी बायको, करायच्या, पण ती किती दिवस आंबवायची ते खातं तू तुझ्याकडं ठेवलं होतंस. एका वर्षी तू ती इतकी आंबवलीस की गाडग्यावरचं फडकं आपोआप हलायला लागलं. तू म्हणालास, ही खरी आंबील. आपण दोघांनी ती खरी आंबील पोटभर प्यायली आणि कोपीत जाऊन आडवे झालो. जाग आली तेव्हा मला आभाळ दिसलं. शेळ्यांनी कोप खाल्ली होती. पाच दगड आणि आपण दोघं असे सात जण उघड्या रानात पडलो होतो आणि वैनी बांधावर डोक्याला हात लावून बसल्या होत्या. तू उठून आधी दगड मोजलेस. मी म्हणलो, शेळी दगड खात नाही. तू म्हणालास, तुझ्या शेळ्यांचा नेम न्हाई. त्या शेळ्या माझ्या का दुसऱ्याच्या, ह्यावर आपण पाडव्यापर्यंत बोललो नाही. त्या माझ्या नव्हत्या. अजून सांगतो.

पण आपलं खरं भांडण शेळीवरून नव्हतं. ते बांधावरच्या कडू लिंबावरून होतं. झाड निम्मं तुझं आणि निम्मं माझं. माघ-फाल्गुनात त्याची पानगळ सुरू झाली की आपण दोघं त्याच्याखाली जाऊन बसायचो. सावली काही नसायची. तरी बसायचो, कारण आपली निम्मी बाजू सोडून कुणी उठायचं? पिवळी पानं डोक्यावर, तंबाखूवर, भाकरीवर पडायची. मी म्हणायचो, बघ, सगळं जातंय. विहारात भंतेजींनी मला 'अनित्य' हा शब्द शिकवला होता. एवढाच एक अवघड शब्द मला येतो आणि तो मी जपून वापरतो. तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, थांब जरा. मग चैत्राच्या तोंडाला तांबूस पालवी फुटली की मला मनगटाला धरून ओढत न्यायचास.

'आलं का न्हाई परत?'

'हे नवं पान हाय. जुनं कुठं आलंय?'

'झाड तर तेच हाय की.'

'झाडबी तेच न्हाई. माणूसबी तोच ऱ्हात न्हाई. सगळं बदलतंय.'

'असं व्हय? मग गेल्या साली माझा विळा नेलेला लिंबाजी कोण होता? त्याला बोलव. मला विळा पाहिजे.'

भंतेजींना विचारून येतो म्हणून मी तसाच विहारात गेलो. भंतेजींनी सगळं ऐकून घेतलं, खूप वेळ हसले आणि म्हणाले, लिंबाजी, विळा देऊन टाका. मी विळा दिला. पण भांडण सोडलं नाही. तूही सोडलं नाहीस. दर चैत्राला आपण तेच बोलायचो, तसंच्या तसं, आणि वैनी म्हणायच्या की ह्या दोघांचं तेवढं कधी बदलत न्हाई.

आता तू नाहीस तर एक गोष्ट लिहून टाकतो. त्या झाडाकडं बघून आपल्याला दोघांनाही धीर यायचा. माझ्या मनात यायचं, दिवस वाईट आहेत, पण ते जातील. तुझ्या मनात यायचं, चांगले दिवस गेलेत, पण ते येतील. दोघं दोन वाटांनी तिथं यायचो, आणि उठून कामाला निघताना दोघांचेही पाय हलके असायचे. ह्यात कुणाचं बरोबर हे तेव्हाही ठरलं नाही. पाय हलके व्हायचे, एवढं खरं.

ज्या वर्षी पाऊस आलाच नाही त्या वर्षीचं तुला आठवत असंल. ज्वारी घोट्याएवढी येऊन वाळून गेली. भेगा अशा पडल्या की तुझी एक चप्पल त्यात गेली ती वर आलीच नाही. येळवस जवळ आली. मला वाटलं, ह्या वर्षी हा माणूस शहाण्यासारखा घरी बसेल. कसला बसतोस. वैनीनं होती नव्हती ती डाळ शिजवली. तू भांडं काखेत मारलंस आणि त्या उघड्या काळ्या रानात उतरलास. पाणी टँकरचं होतं. मी तांब्या भरून मागं निघालो खरा, पण ओतायला हात होईना. माझं उत्तर आलं नाही म्हणून तू मागं वळलास.

'कामून थांबलास?'

'पाणी वाया जायलंय, इसनाथा. हितं गर्भार कोण हाय?'

'भरल्या पोटाचीला कुणीबी जेवू घालतंय. हिच्या पोटात काय न्हाई, म्हणून हिला उपाशी ठिवायचं व्हय?'

मी निम्मा तांब्या भेगेत ओतला आणि निम्मा पिऊन टाकला. तुझाही मान ठेवला, माझाही ठेवला. त्या वर्षी काही उगवलं नाही, हेही लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की आपल्या पाण्यानं चमत्कार झाला. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि ज्वारी छातीला लागली. तू म्हणालास, बघ, निम्म्या तांब्याचं पीक. मी म्हणलो, हे ढगाचं पीक. तू म्हणालास, तू सगळा तांब्या ओतला असतास तर दाणे ठिवाय जागा पुरली नसती. इतकी निलाजरी आशा मी दुसऱ्या कुठल्या माणसात बघितली नाही. तुझ्याशेजारी रान असणं म्हणजे मोठा त्रास होता. चार दिवस धड निराश होऊन बसायची सोय नव्हती.

मग तुझे गुडघे गेले आणि सुभाषनं तुला गुलबर्ग्याला नेलं. तिथं तिसऱ्या मजल्यावर तुझी कशी बडदास्त आहे हे सगळा गाव मला सांगायचा. एक दिवस तुझा फोन आला. आवाज असा की मला वाटलं कुणीतरी गेलं.

'लिंबाजी, हितं ऋतूच न्हाईत रे. नुसता पंखा हाय. पाचवर उन्हाळा, दोनवर पावसाळा, बंद केला की हिवाळा.'

मग विचारलंस, लिंबाला पालवी फुटली का. मी म्हणलो, अजून नाही, औंदा फुटत नाही असं दिसतंय, झाड बहुतेक गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं तू गावात हजर. तसाच बांधावर आलास. झाड पालवीनं लाल झालेलं. तू झाडाकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, हुलसूरला डोळे तपासायची गाडी येती, जाऊन ये. त्यानंतर तू काही गुलबर्ग्याला परत गेला नाहीस. सुभाषला वाटतं तुला तिथलं पाणी मानवलं नाही. वाटू दे.

ह्या कार्तिकात तू खाटेला लागलास. मी रोज येऊन बसायचो. तुला दिसायचं कमी आणि खायचं नको झालेलं, पण रानाची खबर पाहिजे. त्या दिवशी तू विचारलंस, जवारी केवढी झाली? मी म्हणलो, गुडघ्याला. येळवसला पोटरीत येती का? मी म्हणलो, येती. तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली.

'मी नसलो तर औंदा तू पुढं चाल.'

'मी न्हाई चालायचो. मी मागचा माणूस हाय.'

'आरं, मागं चालायला पुढं कुणीतरी लागतंय का न्हाई?'

'मग तू ऱ्हा.'

तू हसलास, खोकलास आणि खरंच झोपलास. मी उठून घरी आलो. पुढं आपलं बोलणं झालंच नाही. भांडणातला शेवटचा शब्द माझा राहिला. जन्मभर मला तो पाहिजे होता, आणि मिळाला तो हा. मी तेव्हा नाही म्हणलो ते बरोबरच होतं, हे अजूनही माझं मत आहे. दीक्षा घेतलेल्या माणसानं दुसऱ्याच्या देवाचं ताट घेऊन पुढं चालायचं म्हणजे मागं वळून बापाला काय तोंड दाखवायचं? पण तू असा मध्येच उठून जाशील, तर मग मी तरी कुणाला नाही म्हणू?

तुझं दहावं-तेरावं झालं आणि येळवस जवळ आली. घरात मयत झाली की वर्षभर सण करायचा नाही, ही तुमच्याकडची रीत. गुरुजींनी तसंच सांगितलं. सुभाष फोनवर म्हणाला, एक वर्ष राहिलं तर काय होतंय. येळवसच्या आदल्या दिवशी दुपारी वैनी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हणलो तर बसल्या नाहीत.

'अण्णा, रान उपाशी ऱ्हायलंय.'

मी म्हणलो, भावकीत कुणाला तरी सांगा. त्या म्हणाल्या, भावकीला सगळ्यांनाच दुखवटा आहे, आणि बाकीच्यांना ज्याची त्याची रानं आहेत. घरच्या माणसानं करायचं नाही म्हणतात.

'तुमी घरचे न्हाईत की.'

मला असा राग आला म्हणून सांगू. इतकी वर्षं त्या घरची आंबील प्यायलो, आणि मी घरचा नाही? मग माझ्या ध्यानात आलं. हेच तर मी इतकी वर्षं तुम्हाला सांगत आलो होतो, की मी तुमच्यातला नाही, माझा धर्म वेगळा, मी फक्त तांब्याचा धनी. इसनाथा, वैनी तुझ्यापेक्षा हुशार. तुला चाळीस वर्षांत जमलं नाही ते त्यांनी दारात उभं राहून केलं. सगळ्या गावात ज्याला दुखवटा लागत नाही आणि ज्याला दुसरं कुठलं रान शिंपायचं नाही, असा एकच माणूस निघाला, आणि तो देव न मानणारा निघाला.

मी म्हणलो, वैनी, मला देवाचं चालत नाही. त्या म्हणाल्या, मी देवाचं कुठं म्हणले, मी जवारीचं म्हणले. तेवढ्यात आतून आमच्या बायकोनं, शेवंतानं, तोंड घातलं.

'इतकी वर्षं जेवून आलाव. आता वाढायची पाळी आली तर धरम आठवायलाय व्हय?'

मी उठून विहारात जाऊन बसलो. तिथं कुणी नव्हतं, मूर्ती आणि मी. बापानं दिलेल्या शपथा मी एकेक आठवून बघितल्या. ह्याला भजू नको, त्याला पूजू नको, सगळं आहे. पण ज्वारीला, मुंगीला, साळुंकीला जेवू घालू नको, असं कुठंच नाही. पौर्णिमेला आम्ही विहारात खीर वाटतो तेव्हा घेणारा कोण, हे विचारत नाही. मी परत येऊन शेवंताला सांगितलं, भज्जी टाक. पण कोप नाही, पूजा नाही. इसनाथाचे दगड आहेत तिथं राहतील. मी त्यांच्याकडं बघणार नाही. त्यांना माझ्याकडं बघायचं असलं तर त्यांची मर्जी.

अशी ह्या वर्षी आमच्या चुलीवरची भज्जी तुझ्या रानात आली. सकाळी दव होतं. सुभाष गुलबर्ग्याहून आला होता. तो, वैनी आणि शेवंता बांधावर उभे राहिले. घरच्यांना रानात उतरायचं नाही आणि शेवंताचे पाय चालत नाहीत, म्हणजे माझ्या मागं तांब्या घेऊन यायला कुणीच नाही. मी भांडं काखेत घेतलं. ज्वारीत शिरलो. मूठ भरली, तोंड उघडलं, आणि काही येईना.

शब्द मला माहीत नव्हते असं नाही. ते माझ्या कानावर इतक्यांदा पडलेत की झोपेतसुद्धा म्हणेन. पण ते कुठून उचलायचे, किती लांबवायचे, ते तुझ्या गळ्यात होतं. मला नुसतं उत्तर द्यायचं ठाऊक. मी जोर केला आणि मोठ्यानं ओरडलो, 'सालम पोलगे.'

'आवो, ते मागचं हाय,' शेवंता बांधावरून म्हणाली. सुभाषनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. ते हसण्यानं का कशानं, मी विचारलं नाही.

मी तिथंच थांबलो. उभा राहिलो तसं मला बाकीचं शिवार ऐकू यायला लागलं. पलीकडच्या रानातून कुणीतरी 'ओलगे ओलगे' म्हणत होतं. त्याच्या पल्याड आणखी एक. ओढ्याच्या अंगाला कानडी माणसांची रानं आहेत, तिकडून त्यांच्या पद्धतीनं एक लांब हाक आली. येळवसला सगळीकडं हेच चालतं, पण इतकी वर्षं मला कधी ऐकू आलं नव्हतं, कारण तू माझ्या कानाशी बोंबलत होतास. मी पलीकडच्या हाकेला उत्तर दिलं आणि मूठ टाकली. पुढची हाक आली, पुन्हा उत्तर दिलं, पुन्हा मूठ टाकली. ज्याची हाक होती तो एकदा थांबून इकडं बघायला लागला, की ह्याच्या रानातून मला कोण साथ द्यायलंय. मी मान वळवली नाही. असं मी दुसऱ्यांच्या हाकांवर तुझं सगळं रान शिंपून काढलं. मागं पाणी सोडायचं राहिलं, म्हणून सगळं झाल्यावर परत तांब्या घेऊन तेवढाच फेरा पुन्हा मारला. तुझ्या वाटचं आणि माझ्या वाटचं, दोन्ही चाललो. पायाचे पार तुकडे पडले.

बांधाशी येऊन मी एक पोटरी दाबून बघितली. आत कणीस होतं. इसनाथा, झाडाचं भांडण मी जिंकलो. जुनं पान परत येत नाही. तू परत यायचा नाहीस, हे मला त्या रानात जसं कळलं तसं तुझ्या मातीला गेलो तेव्हाही कळलं नव्हतं. पण हाक काही थांबली नाही, हे मला मान्य करावं लागलं. निम्मं मान्य करतो. बाकीचं चैत्रात बघू.

नंतर आम्ही लिंबाखाली जेवलो. शेवंतानं वाढलं. वैनींनी भज्जीला मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, आणि शेवंतानं त्यांच्या ताटात आणखी एक पळी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाषला गुलबर्ग्याची बस पकडायची होती. मी फाट्यावर त्याच्याबरोबर उभा राहिलो. तो म्हणाला, 'काका, पुढच्या येळवसला बाबांचं वर्ष झालेलं असेल. मग मी पुढं चालेन, तुम्ही नेहमीसारखे मागं या.'

'पुढं मी,' मी म्हणलो.

'पण काका, रान आमचं आहे.'

'रान तुझंच हाय. पुढं मी. तू तांब्या धर. मागचं काम सोपं न्हाई, पाणी कुठं सोडायचं ते शिकाय लई दिवस लागतेत.'

'आणि पुढचे शब्द? ते येतात का तुम्हाला?'

'वरीस हाय की,' मी म्हणलो.

बस आली. तो खिडकीशी बसला आणि माझ्याकडं बघत राहिला. बस वळणाला गेली तसा मी घरी न जाता तुझ्या रानात गेलो. तुझ्या दुखण्यात उशिरा पेरलेल्या हरभऱ्याचे शेंडे खुडले, टॉवेलात बांधले आणि वैनीला भाजीला नेऊन दिले. वाटेनं पुढचे शब्द हळू म्हणून बघत होतो. कुणी समोरून आलं की गप्प बसत होतो.